विंडोज परत टाकायचंय पण फाइल्स जाऊ द्यायच्या नाहीत: रिपेअर, रीसेट की थेट फॉरमॅट?

लॅपटॉप अडकायला लागला, अपडेट अर्ध्यात फसलं की दुकानवाला पहिलं वाक्य टाकतो, 'फॉरमॅट मारून देऊ का?' आणि आपण हो म्हणून मोकळे होतो, कारण दुसरं काही असतं हेच माहीत नसतं. विंडोज १० आणि ११ मध्ये तीन मार्ग आहेत, आणि माझ्या मते फॉरमॅटचा नंबर शेवटचा.

पहिला रिपेअर इन्स्टॉल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फाइल (विंडोजचा अख्खा सेटअप एकाच फाइलमध्ये) उतरवायची, चालू विंडोजमध्येच उघडायची, आतलं सेटअप चालवायचं आणि फाइल्स व अ‍ॅप्स दोन्ही ठेवा हा पर्याय निवडायचा. फोटो राहतात, सॉफ्टवेअर राहतं, फक्त विंडोजच्या सिस्टीम फाइल्स नव्या बसतात. अट एवढीच की विंडोज चालू होत असलं पाहिजे (पेनड्राइव्हवरून बूट केलं तर हा पर्यायच मिळत नाही) आणि आयएसओची भाषा, एडिशन (होम की प्रो) आधीचीच हवी. व्हायरसचा संशय असेल तर मात्र याचा उपयोग नाही, घाण तिथेच राहते.

दुसरा रीसेट, विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे मिळतो, विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी इथे. त्यातलं 'कीप माय फाइल्स' वाचून लोक निवांत होतात आणि इथेच फसतात, कारण डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप राहतं पण तुम्ही टाकलेलं सॉफ्टवेअर सगळं जातं. काय काय उडालं त्याची यादी डेस्कटॉपवर मिळते, तेवढाच दिलासा. डीटीपीवाल्यांनी तर नीट विचार करावा, श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर, जुने मराठी फॉन्ट सगळं पुन्हा टाकायचं म्हणजे इन्स्टॉलर आणि लायसन्स आधी शोधून ठेवा. पुढे क्लाउड डाउनलोड (विंडोज नेटवरून नवं उतरवायचं) की लोकल (लॅपटॉपमधल्याच फाइल्समधून) असं विचारतं, क्लाउडला साधारण ४ जीबी डेटा जातो, मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर बघा, पण सिस्टीम फाइल्सच खराब असतील तर क्लाउडच बरं. विंडोज सुरूच होत नसेल तरी रिकव्हरी स्क्रीनमधून रीसेट करता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

तिसरा क्लीन इन्स्टॉल, म्हणजे खरा फॉरमॅट. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि तो बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका. मशीन सगळ्यात स्वच्छ यातच होतं. सी ड्राइव्ह पुसला जातो, डी ड्राइव्हवरचं वाचतं, पण पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) यादीत तिथे सी, डी अशी नावं दिसत नाहीत, नुसते नंबर आणि साइझ, घाईत चुकीचं पार्टिशन डिलीट झालं की संपलं.

कुठलाही मार्ग घ्या, आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी हवीच. टॅली वापरत असाल तर डेटा डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही, सॉफ्टवेअरमध्येच पाथ बघून तो फोल्डर वेगळा उचला. आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, बऱ्याच विंडोज ११ लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते.

मग निवडायचं काय? विंडोज सुरू होतंय आणि नुसतं बिनसलंय तर रिपेअर. सुरूच होत नाही किंवा सॉफ्टवेअरचा कचरा झालाय तर रीसेट. व्हायरस असेल किंवा लॅपटॉप विकायचा असेल तर क्लीन, विकताना सगळे ड्राइव्ह पुसून. पण जुनी हार्डडिस्क कटकट आवाज करत असेल तर तिन्ही नकोत, आधी डेटा बाहेर काढा, मग नवी एसएसडी टाकून तिच्यावर विंडोज घाला आणि जुनी डिस्क काही महिने तशीच कपाटात राहू द्या.