दारी आलेले मतदान केंद्र: गृहमतदान सुविधेचा अनुभव

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदान करण्याची सोय प्रथमच देशभर मिळाली. माझ्या आईने वयाच्या ८८ व्या वर्षी पुण्यात तिचा लाभ घेतला. मतदान सक्तीचे करावे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही सेवा एकदा जवळून पाहावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मतदान केंद्रस्तरीय अधिकारी नमुना १२ ड, म्हणजे घरून मतदानासाठीचा अर्ज, घेऊन घरी आल्या आणि भरलेला अर्जही त्यांनीच परत नेला. ठरलेल्या दिवशी, म्हणजे १३ मेच्या मतदानाच्या काही दिवस आधी, कर्मचाऱ्यांचे पथक, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे सगळे आमच्या दोन खोल्यांत दाखल झाले. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला आणि आम्हा घरच्यांना नम्रपणे बाहेर थांबायला सांगण्यात आले. ‘आजी, सावकाश करा, घाई नाही,’ असे एका कर्मचाऱ्याने म्हटलेले तेवढे दारातून ऐकू आले. आईने मतपत्रिकेवर खूण केली, ती स्वतःच्या हाताने लिफाफ्यात बंद केली आणि घोषणापत्रावर सही केली. चित्रीकरण चालू असूनही मताची गुप्तता कुठेही ढळली नाही, ही मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यावी: अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

उणीव आहे ती नियमांत. अर्जासाठी निवडणुकीच्या अधिसूचनेपासून केवळ पाच दिवस मिळतात. शिवाय पूर्वी ८० असलेली वयोमर्यादा मार्च २०२४ मध्ये ८५ करण्यात आल्याने आमच्या शेजारचे ८२ वर्षांचे काका सुविधेबाहेर राहिले, आणि गुडघ्यांमुळे तीन जिने उतरणे न जमल्याने त्यांचे मत राहूनच गेले.

सक्तीचा प्रश्नही अशाच अडचणींशी येऊन भिडतो. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान सक्तीचे केले होते आणि मत न देणाऱ्यास १०० रुपये दंड ठरवला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. विधी आयोगानेही त्याच वर्षी २५५ व्या अहवालात सक्तीची शिफारस करण्यास नकार दिला. तसा कायदा आपल्याकडे असता, तर काकांना आपल्या गुडघ्यांचा खुलासा सरकारदरबारी द्यावा लागला असता, आणि ऐन हंगामात गाव सोडून फडावर गेलेल्या बीडच्या ऊसतोड मजुराला त्याच्या स्थलांतराचा. त्याच्यासाठी तर टपाली मताचीही सोय नाही.

सेवा उत्तम आहे, पात्र मतदारांनी ती निःशंकपणे घ्यावी. केंद्र सरकारने वयोमर्यादा पुन्हा ८० वर आणावी, अर्जाची मुदत वाढवावी आणि निवडणूक आयोगाने पुढचे पथक उसाच्या फडावर पाठवावे.