जुन्या सायकलचं बॉटल केज घेताना माझी झालेली फसवणूक

आजोबांची रॅले सायकल गेल्या वर्षी मी पुन्हा रस्त्यावर आणली. रविवारी बेळगावच्या शहापूरहून येळ्ळूरमार्गे राजहंसगडाकडे जातो. पाण्याची सोय हवी होती, आणि सायकलच्या वयाला शोभेल असंच केज, म्हणजे बाटली अडकवायची चौकट, लावायचं हा माझा हट्ट. तोच एका विकणाऱ्याने नेमका हेरला.

मोबाइलवरच्या जाहिरातीत क्रोमचं, तारेचं केज आणि ते सायकलच्या नळीवर आवळायचे दोन क्लॅम्प होते. "साहेब, पन्नास सालातलं विलायती आहे, अस्सल स्टील. दोन गिऱ्हाइकं थांबलीत." क्लॅम्पच्या आतल्या बाजूचा फोटो मागितला, तर म्हणाला दुकानात लाइट गेलीय. तिथेच थांबायला हवं होतं. मी २८०० रुपये यूपीआयने पाठवून मोकळा झालो.

पार्सल उघडलं, तर केज हाताला कागदासारखं हलकं. फ्रिजवरचा लोहचुंबक लावला, चिकटेना. क्रोम चढवलेल्या साध्या स्टीलला तो धरतोच. रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, तर बोळा काळाकुट्ट झाला आणि खालून नवंकोरं ॲल्युमिनियम निघालं. काजळी फासून म्हातारं केलेलं!

पैसे गेले ते गेले, खरं नुकसान क्लॅम्पने केलं. जुन्या सायकलींच्या नळीला केजसाठी आटेच नसतात, सगळा भार क्लॅम्पवर. ते ढिले बसत होते, म्हणून मी ट्यूबचं रबर गुंडाळून आवळले. येळ्ळूरच्या अलीकडे एका खड्ड्यात भरल्या बाटलीसकट केज खाली घसरलं आणि नळीवरची सोनेरी रेघ बोटभर खरवडली गेली. साठ वर्षं टिकलेली रेघ. रस्त्याकडेला बसून मी तिच्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत होतो.

नंतर उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांनी व्हर्निअर (जाडी मोजायची पट्टी) लावून दाखवलं: माझी नळी एक इंच एक सूत, म्हणजे २८.६ मिमी. क्लॅम्प सव्वा इंचाचे, आजकालच्या जाड नळ्यांचे. हे मोजमाप आधी केलं असतं तर!

विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणतो, "मग नळीला भोकं पाडून आटे मारून घ्या की." कुणीही सांगितलं तरी हे करू नका. पातळ नळीत भोक पडलं की तडा तिथूनच सुरू होतो, आणि पाणी आत शिरून गंज धरतो. मी नाही म्हटलं, त्याने नंबर ब्लॉक केला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय.

यापुढे क्लॅम्पला व्हर्निअर लावलेला आणि केजला चुंबक चिकटवलेला फोटो आल्याशिवाय मी रुपयाही पाठवणार नाही. तोवर बाटली हँडलला बांधतोय. एकेकाळी टूर द फ्रान्सचे शर्यतपटूही हँडलवरच बाटल्या लावायचे.

सायकलवर ब्रशने सोनेरी रेघ ओढणारा जुना पेंटर बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत कुणाला माहीत असेल, तर जरूर कळवा.