डी३-के२ कॅप्सूल: डीचा फरक रिपोर्टात दिसला, के२चे पैसे विश्वासावर

गेल्या पावसाळ्यापासून व्हिटॅमिन डी३ आणि व्हिटॅमिन के२ एकत्र असलेली सॉफ्टजेल घेतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलचा मसाला सारखाच: डी३ २००० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) आणि के२चा एमके-७ हा प्रकार १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. फरक असतो तो डब्याच्या रंगात आणि किमतीत.

मी फोंड्याची, पन्नाशी ओलांडलेली, पाळी थांबून काही वर्षं झालेली. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, सकाळी उठताना कंबर धरायची. डॉक्टरांनी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलं. आकडा आला ११. वीसच्या खाली म्हणजे कमतरता, असं रिपोर्टातच छापलेलं होतं.

गोव्यात राहून डी कमी कसं, हे मला सगळ्यांनी विचारलं. अहो, ऊन रस्त्यावर असतं, अंगावर कुठे असतं? स्कूटरवर हेल्मेट, तोंडाला स्टोल, कोपरापर्यंत हातमोजे. ऑफिसात खिडकीशी बसते, पण डी तयार करणारे यूव्ही-बी किरण काच अडवते. सावळ्या कातडीला तेवढ्याच डीसाठी ऊनही जास्त वेळ लागतं. त्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरलेलं. तारले-बांगड्यांतून थोडं डी मिळतं म्हणावं, तर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद आणि बाजारात ताज्या नुस्त्याचा भाव विचारायची सोय नाही.

आधी आठवड्याला एक अशी ६०,००० आययूची गोळी, आठ आठवडे. नंतर रोजची ही कॅप्सूल. तीन महिन्यांनी परत रक्त दिलं तर ३४. म्हणजे डी चोख काम करतं, यात मला शंका नाही. दुखणंही कमी झालं, जिना आता निमूट चढते. पण त्याच काळात फिजिओने दिलेले मांड्यांचे व्यायामही चालू होते, त्यामुळे सगळं श्रेय कॅप्सूलला देणार नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. डी आणि के दोन्ही चरबीत विरघळणारी, म्हणून चहाबरोबर नको, जेवणाबरोबर घ्या. मी दुपारी खोबऱ्याच्या हुमणाबरोबर घेते. दुसरं म्हणजे लेबल. कुठे आययू लिहितात, कुठे मायक्रोग्रॅम. डीचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू, म्हणजे २००० आययू आणि ५० मायक्रोग्रॅम एकच. ओळखीच्या एकीला ‘५०’ बघून ही फारच हलकी वाटली आणि ती दोन-दोन घ्यायला निघाली होती.

पॅकिंगची मात्र तक्रार आहे. पहिली बाटली ऑनलाइन मागवली. जुलैत झाकण उघडलं तर कॅप्सूल एकमेकींना चिकटून एक गोळा, आत सिलिकाची पुडी असूनही. एक ओढायला गेले ती फुटली आणि बोटं तेलकट. विकणाऱ्याने ‘हवामानामुळे’ म्हणून हात वर केले. आपल्या दमट हवेत बाटली घेऊच नका, पत्र्याची स्ट्रिप घ्या.

आता के२, जिच्यासाठी आपण साध्या डीच्या तिप्पट-चौपट मोजतो. विचार चांगला आहे. डीमुळे आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं. पुढे दोन प्रथिनं महत्त्वाची: हाडातलं ऑस्टिओकॅल्सिन आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतलं मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन. पहिलं कॅल्शियमला हाडात धरतं, दुसरं ते धमनीत साचू देत नाही. दोन्ही तयार झाली तरी के मिळेपर्यंत निकामी असतात, के त्यांना कामाला लावतं. जाहिरातवाले यावरून के२ला कॅल्शियमचा ट्रॅफिक पोलीस म्हणतात. म्हणोत, पण पोलीस उभा आहे म्हणून ट्रॅफिक सुटतोच असं फोंड्यात तरी मी पाहिलेलं नाही.

कारण अभ्यास वाचायला घेतले की चित्र तितकं गुळगुळीत राहत नाही. रॉटरडॅमच्या २००४च्या पाहणीत जास्त के२ खाणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण ती पाहणी होती आणि के२ आलं होतं खाण्यातून, गोळीतून नव्हे. डेन्मार्कमध्ये हृदयाच्या झडपेत कॅल्शियम साचलेल्या पुरुषांना दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम एमके-७ आणि सोबत डी दिलं, म्हणजे माझ्या कॅप्सूलच्या सातपट. २०२२ साली निकाल आला: साचणं काही मंदावलं नाही. हाडांची बाजू थोडी बरी आहे. पाळी गेलेल्या डच बायकांना तीन वर्षं रोज १८० मायक्रोग्रॅम दिल्यावर कंबरेच्या मणक्यांची आणि मांडीच्या हाडाच्या मानेची झीज कमी झाली. पण डब्यावर छापलेला डोस बघा आणि हा बघा.

डीलाही डोक्यावर घ्यायला नको. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५ हजारांहून जास्त लोक होते, रोज २००० आययू. हार्ट अटॅक, स्ट्रोक कमी झाले नाहीत आणि फ्रॅक्चरही नाहीत. त्यातल्या बहुतेकांचं डी मुळात बरं होतं, हे लक्षात घ्यायला हवं. माझ्यासारख्या ११वाल्या बाईची गोष्ट वेगळी. उलट टोकही आहे. आमच्याकडे ६०,०००ची गोळी टॉनिकसारखी वर्षभर रेटणारे कमी नाहीत. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख आययू दिलं, तेव्हा पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं. रक्तात कॅल्शियम चढलं तर उलट्या आणि मूत्रपिंडाला त्रास, ते निराळंच.

हे पुढचं लिहिण्यासाठीच खरं तर बसले. आमच्या सासऱ्यांना, अप्पांना, हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे, रक्त पातळ ठेवणारी अॅसिट्रॉम चालू, ठरावीक दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायचा. एकदा जेवताना त्यांनी माझा डबा हातात घेतला. समोर लाल रंगात हृदय काढलेलं, खाली ‘हाडे व हृदयासाठी’. मला म्हणाले, ‘‘सूनबाई, एक मलाही दे की. हृदय माझं खराब, गोळी तू खातेस!’’ डबा फिरवून पाठीमागे पाहिलं. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. अप्पांना चष्मा लावूनही ते वाचता येईना.

अॅसिट्रॉम आणि वॉर्फरिन काम करतात तेच मुळी के अडवून. वरून के दिलं की औषधाचा जोर उतरतो, झडपेवर गुठळी धरू शकते. त्यातही एमके-७ रक्तात दिवसचे दिवस टिकतं, म्हणून थोडंही भारी पडतं. अप्पांच्या डॉक्टरांनी फोनवरच स्पष्ट ‘नको’ म्हटलं. पालेभाजी मात्र बंद करायला सांगितली नाही, रोज साधारण सारखी खा म्हणाले. एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं नको. ज्या डब्यावर हृदय काढलंय, तो हृदयाच्याच काही पेशंटांना चालत नाही, हे समोर मोठ्या अक्षरांत छापायला काय जातं?

के१, म्हणजे केचा पालेभाजीतला प्रकार, आपल्या ताटात भरपूर आहे: तांबडी भाजी, मस्कासांगेचा (शेवग्याचा) पाला, पावसात तायखिळा (टाकळा), वर खवलेला नारळ म्हणजे चरबीचीही सोय. के२ सर्वांत जास्त जपानी नात्तोत, थोडं अंड्यात, चिकनमध्ये, चीजमध्ये. कॅल्शियमची गोळी मी घेत नाही. नाचण्याचं तिझन (पातळ खीर), दूध आणि काट्यासकट खायची बारीक मासळी यांवर डॉक्टर समाधानी आहेत.

कोणाला सांगेन? डी कमी असेल तर डॉक्टरांना विचारून डी जरूर घ्या. के२ जोडायची हौस आणि पैसे असतील, रक्त पातळ करायची गोळी नसेल, तर घ्या. लेबलावर एमके-७ ‘ऑल-ट्रान्स’ आहे का तेवढं बघा, कारण शरीराला तोच प्रकार उपयोगी. डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, हाडं खरोखर ठिसूळ निघाली असतील, तर या कॅप्सूलवर विसंबू नका. माझ्या सासूबाईंना त्यासाठी आठवड्याची अॅलेन्ड्रोनेट दिलीय. ती उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

चालू स्ट्रिप संपली की मी साध्या डीवर जाणार आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर डीला साडेचार, के२ला दोन, आणि डब्याच्या छपाईला शून्य.