विमानतळावरून घेतलेला ६५ वॅटचा चार्जर, केबल आणि ट्रॅव्हल अ‍ॅडॉप्टर: सात महिन्यांच्या वापरानंतर

चार्जर गॅनचा (गॅलियम नायट्राइड, म्हणजे लहान आकारात जास्त वॅट देणाऱ्या अर्धवाहकाचा) आहे: दोन यूएसबी-सी पोर्ट, एक यूएसबी-ए. सात महिन्यांत त्याने कुरकुर केलेली नाही. लॅपटॉप लावल्यावर बऱ्यापैकी तापतो, पण एवढ्याशा डबीतून इतके वॅट काढायचे तर तापणारच. उशीखाली किंवा पांघरुणात तेवढा ठेवू नका. खोक्यावरचे ६५ वॅट मात्र एकच पोर्ट वापरला तरच मिळतात. दुसऱ्या सी पोर्टात फोन लावला की ४५ आणि २० अशी वाटणी होते. ती होताना सगळ्या पोर्टांचा पुरवठा क्षणभर तुटतो. फोन दोनदा ‘टिंग’ वाजला तर घाबरू नका. पाठीवरच्या बारीक अक्षरांत ‘पीपीएस’ (फोन मागेल तसं व्होल्टेज बारीक टप्प्यांत बदलण्याची सोय) आहे का, हे घेण्याआधीच बघा. ते नसेल तर सॅमसंगचे फोन ‘सुपर फास्ट’वर जात नाहीत, नुसत्या ‘फास्ट’वर राहतात.

केबलने निराशा केली. चौथ्या महिन्यात कनेक्टरच्या मानेपाशी आवरण उकललं आणि ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग व्हायला लागलं. शिवाय ती साधी ३ अँपिअरची निघाली. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट, त्यामुळे चार्जर ६५चा असून वरचे पाच वॅट वायाच. ५ अँपिअरसाठी केबलमध्ये ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी) लागते. खोक्यावर १०० किंवा २४० वॅट लिहिलेलं असेल तर ती असते.

अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ असल्याने त्याला कुठेही चालतं. ११० व्होल्टचा हेअर ड्रायर २३० व्होल्टला लावलात तर जळेल. अ‍ॅडॉप्टरला अर्थिंगची पिन नाही, आणि जड चार्जर खोचला की सैल सॉकेटमधून अख्खं बाडबिस्तर खाली लोंबतं. फ्यूज बदलता येतो, जादा एक आतच दिलेला आहे. हे मात्र छान.

त्याच फळीवरची पॉवर बँक घेणार असाल तर एमएएचपेक्षा (मिलिअँपिअर-अवर) वॅट-अवर, म्हणजे साठवलेली ऊर्जा, बघा. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-अवर. सहसा १०० वॅट-अवरपर्यंतची विमानात परवानगी न मागता नेता येते, तीही केबिन बॅगेतच. हा आकडा पुसट असेल किंवा छापलेलाच नसेल तर ती बँक तिथेच ठेवा, पुढच्या तपासणीत अडकते.