मुठेल म्हणून मेण गळ्यात पडलं

गेल्या दिवाळीआधी मी दोन किलो कोकम बटर मागवलं. १९०० रुपये मोजले, त्यात तिळाचं तेल घालून पायांना लावायचं क्रीम बनवलं आणि नऊ जणींना डब्या भरून दिल्यासुद्धा. नंतर कळलं की त्यात मेण आहे, आणि थोडंथोडकं नाही.

कोकम बटर हे हल्लीचं नाव. आमच्या सिंधुदुर्गात ते मुठेल. आजी रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया उन्हात वाळवून ठेवायची. मग त्या फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात रटरट उकळायचा. वर आलेला तवंग काढून तो थिजायला लागला की मुठीत दाबून गोळे वळायचे. टाचांच्या भेगा असोत की पावसाळ्यातल्या चिखल्या, चुलीजवळ गरम करून हेच चोळलं जायचं. म्हणजे हे ओळखता येणाऱ्या मोजक्या लोकांत मी असायला हवी होते. पैशांपेक्षा तेच जास्त लागलंय.

घरगुती वस्तूंच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला होता. केळीच्या पानावर गोळे, शेजारी सुकी कोकमं. "तुम्हीच काढता का?" असं विचारलं, तर समोरून व्हॉइस मेसेज आला, ठसठशीत मालवणीत: "आमच्या घरचाच असा ता, तुमी काय्येक काळजी करू नकात." झालं. डोंबिवलीत बसून मालवणी ऐकली की माझी अक्कल गावी जाते. ताबडतोब यूपीआयने पैसे पाठवले. पैसे भरताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तर म्हटलं नवऱ्याचं खातं असेल.

पार्सल आलं. गोळे पांढरेशुभ्र, वास काहीच नाही. घरी काढलेलं मुठेल जरा मळकट, पिवळसर असतं. पांढरंशुभ्र आलं तर ते कारखान्यात रिफाइन केलेलं, आणि रिफाइन केलेलं कोण मुठीत वळत बसेल? हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. गोळ्यांवर बोटांचे वळ होते ना, तेवढ्यावर मी खूश.

पंधरा दिवसांनी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुझं ते क्रीम पायावर नुसतं थर धरतं. चादरीला पांढरं पांढरं लागतं." मग मी उरलेले सहा गोळे ओट्यावर ओळीने मांडले आणि चष्मा लावून बघितले. सहाही गोळ्यांवर करंगळीचा खळगा अगदी एकाच जागी. अनामिकेच्या वळाशेजारी एक बारीक चीर, तीही सगळ्यांवर. मुठीत वळलेच नव्हते, साच्यात ओतले होते!

माझी एक मैत्रीण घरी साबण बनवते. तिने एक तुकडा कॉस्टिक सोड्यात घालून बघितला. तेल-तुपाचा साबण होतो, पॅराफिन मेणाचा होत नाही. तो साबण गरम पाण्यात विरघळवला तर वर तवंग जमला आणि गार झाल्यावर त्याची मेणबत्तीसारखी चकती निघाली. (कॉस्टिक सोड्याची सवय नसेल तर हा उद्योग घरी करू नका, हात भाजतात.)

घरी करण्यासारखं सोपं काही हवं असेल तर असं बघा. कोकम बटर साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, मेणबत्तीचं मेण ५० च्या पुढे. ४५ अंशांच्या पाण्यात वाटी ठेवून तुकडा टाका. खरं असेल तर थोड्या वेळात पारदर्शक तेल होतं. माझ्या वाटीत गढूळ लापशी झाली. मात्र वनस्पती तुपाची भेसळ यात कळणार नाही, कारण तेही तोवर वितळलेलंच असतं.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, मग डीपी गायब. १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर, फोन केला तर त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. बिल कुठलं! ना पत्ता, ना लेबल, हातात फक्त पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. त्वचेला लावायचं म्हणून जे विकलं जातं त्याच्या लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख लागते, हे मला तेव्हा समजलं. माझं पार्सल वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं आणि मला त्याचंच कौतुक वाटलं होतं. तक्रार नोंदवली आहे, पुढे काही झालेलं नाही.

नऊ जणींना फोन करून डब्या परत मागवल्या. सर्वात अवघड काम ते होतं. कुडाळच्या मावशीला सांगितलं तर ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "माका इचारूक काय झाला होता?"

उरलेले गोळे टाकले नाहीत. बाल्कनीची सरकती खिडकी दोन वर्षं अडकत होती, तिच्या पट्टीला एक घासला. आता एका बोटाने सरकते.