बारा मिनिटांत चार सूक्ते: होल्स्ट यांचे ऋग्वेदावरील वृंदगान

गुस्टाव्ह होल्स्ट म्हटले की ‘द प्लॅनेट्स’ ही ग्रहांवरील वाद्यवृंदरचनाच आठवते; परंतु त्या ग्रहांकडे वळण्यापूर्वी, १९०८ ते १९१२ या काळात, या इंग्रज संगीतकाराने ऋग्वेदातील चौदा सूक्ते वृंदगानासाठी बांधली होती. हाती आलेली भाषांतरे गाण्याजोगी न वाटल्याने ते संस्कृत शिकले आणि इंग्रजी पद्ये त्यांनी स्वतःच रचली. चार संचांपैकी १९१० चा तिसरा संच केवळ स्त्रियांचे आवाज आणि हार्प हे बोटांनी छेडायचे उभे तंतुवाद्य यांच्यासाठी आहे. होल्स्ट लंडनमधील सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवत, त्यामुळे उंच पट्टीतले आवाज कुठे खुलतात हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांची कन्या इमोजेन यांच्या संचालनाखाली पर्सेल सिंगर्सनी गायलेले आणि ओसियन एलिस यांनी हार्पवर साथ केलेले ध्वनिमुद्रण मी गेला महिनाभर ऐकत आहे.

संचाचा कळस म्हणजे जलसूक्त. ‘समुद्रज्येष्ठाः सलिलस्य मध्यात्’ ही सातव्या मंडलातील ऋचा ज्यांच्या कानांवर आहे, त्यांनी ‘अनिविशमानाः’, म्हणजे कुठेही न विसावणाऱ्या, हे विशेषण होल्स्ट यांनी कसे सांभाळले आहे ते अवश्य ऐकावे: हार्पचे स्वर अखंड धावत राहतात, त्यांवरून आवाज पुढे सरकतात आणि दोनेक मिनिटांत सारे वाहून गेलेले असते. वेदपठणाची नक्कल करण्याचा मोह त्यांना झालेला नाही, आणि ते बरेच झाले.

पूषन् देवतेला ‘आमच्या पुढे चाल’ असे विनवणारे प्रवाशांचे सूक्तही तितकेच बांधीव आहे. तेथे हार्प एकच लहानशी स्वराकृती घोळवत राहते आणि पावलांचा ठेका मनात बसतो. उषासूक्त शांत व सुरेख आहे. वेनसूक्त मात्र मला लांबलेले वाटले. धुक्यातून उगवणारा सूर्य दाखवण्याच्या नादात चाल रेंगाळते, आणि वरच्या स्वरांवर शब्द इतके विरतात की गीताचे शब्द हाताशी असल्याशिवाय अर्थ लागत नाही.

एक तक्रार मात्र संगीताविषयी नाही. ज्या संगीतसेवेवर मी हे ऐकले, तिने चारही सूक्ते क्रम मोडून इतर गाण्यांत विखुरली आहेत. उषा, आपः (म्हणजे जल), वेन आणि शेवटी प्रवासी हा क्रम स्वतः लावून घ्यावा. पहाटेने उघडणारा संच वाटेवर येऊन थांबतो, हे त्याशिवाय लक्षात येत नाही.