डीजेआय मॅव्हिक ३टी: वणवा शोधायला नाही, पुरता विझलाय का ते बघायला

वणवा शोधण्यासाठी हा ड्रोन घेणार असाल, तर पैसे वाचवा. ते काम भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रहावरचे इशारे करतात. पण त्या इशाऱ्यातला एक ठिपका ३७५ मीटरचा. त्यात आग नेमकी कुठे आहे आणि विझवल्यावर काय धुमसतंय, हे बघायला मात्र ९२० ग्रॅमचा मॅव्हिक ३टी फार कामाचा.

थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा ६४० बाय ५१२ पिक्सेलचा. १२० मीटरवरून एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर साधारण १६ सेंटिमीटर आणि एका चौकटीत सुमारे शंभर बाय ऐंशी मीटर जंगल. थर्मलचा झूम नुसता डिजिटल आहे. बारकावा हवा तर ड्रोनच खाली आणा. सागाचं रान उन्हाळ्यात उघडं पडतं, त्यामुळे जमीन दिसते. दाट सदाहरित झाडीत हाच कॅमेरा जवळपास आंधळा.

उडवायचा पहाटे. दुपारी खडक एवढे तापतात की बारीक निखारा त्यातून वेगळा काढता येत नाही. आधी जळलेल्या भागाची कड आणि जाळरेषेलगतचे (आग पसरू नये म्हणून साफ केलेल्या पट्ट्यालगतचे) ओंडके तपासा. मधली राख नंतर. ज्वाळा असतील तर थर्मल कॅमेऱ्याचा हाय गेन मोड सोडून लो गेन मोड लावा: पहिला १५० अंशांपर्यंतच मोजतो, दुसरा ५०० पर्यंत.

यात लेसर अंतरमापक नाही. तिरक्या कॅमेऱ्यातून काढलेलं स्थान उतारावर चुकतं. गरम ठिपका दिसला की त्याच्या बरोबर वर जा, कॅमेरा उभा खाली करा आणि ड्रोनचेच अक्षांश-रेखांश अंगारींना, म्हणजे वन विभागाच्या आग राखणाऱ्या माणसांना, कळवा.

कंपनी सांगते ती ४५ मिनिटांची उड्डाणवेळ वारा नसतानाची. डोंगरात २५ ते ३० धरा. चालायची आणि बॅटरी चार्ज व्हायची, दोन्ही मर्यादा ४० अंशांच्या. विदर्भातल्या मे महिन्यात हे मोठंच दुखणं. चार बॅटऱ्या हव्यात, सावलीत ठेवलेल्या. अडथळे टाळणारे कॅमेरे अंधारात चालत नाहीत आणि ड्रोन आपोआप परत येतो ती परतीची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, समोरच्या टेकडीपासून नाही. ती दिवसाउजेडीच ठरवून ठेवा.

फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सूट फक्त संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनासाठी. स्वयंसेवी संस्थांनी तेवढ्याच थर्मल रिझोल्यूशनचा, प्रकार प्रमाणपत्र (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) असलेला देशी ड्रोन बघावा.